इंद्रायणीतल्या लहान माशाचा धर्मप्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या नद्यांच्या वरच्या अंगाला, पाणी जिथे दगडगोट्यांवरून खळाळत उतरते तिथे, बोटभर लांबीचा एक मार्जारमीन राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. मुळा-मुठा, इंद्रायणी अशा भीमेच्या उपनद्या आणि एकूण कृष्णेचे खोरे हा त्याचा मुलूख. डोके चपटे, पोट सपाट, डोळे बारीक, तोंड खालच्या अंगाला, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि अंगावर एकही खवला नाही, असे त्याचे रूप आहे. रंग ओल्या दगडासारखाच मळकट तपकिरी असल्याने वरून पाहणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. दिवसा दगडांच्या सांदीत बसायचे आणि अंधार पडला की पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या टिपायच्या, हा त्याचा दिनक्रम.

या माशाचे खरे वैशिष्ट्य छातीवर आहे. दोन्ही बाजूंच्या परांच्या मधल्या जागेत कातडीच्या बारीक, लांबट घड्या एकमेकींना लागून असतात. मासा दगडावर टेकला की घड्यांमधले पाणी दाबले जाऊन बाहेर पडते. घड्यांच्या कडांवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशी कडक टोके असतात, ती दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात रुततात. एवढ्या पकडीवर तो पुराच्या लोंढ्यातही जागा सोडत नाही. मात्र दगड स्वच्छ हवा. त्यावर गाळाचा किंवा शेवाळाचा थर बसला की टोके निसटतात. मग ज्या प्रवाहावर तो जगतो तोच त्याला वाहून नेतो. हा अवयव आणि प्रवाहातला दगड एकमेकांसाठीच घडलेले असल्याने दगडाचा विचार बाजूला ठेवून या माशाचा विचार करता येत नाही. पुढच्या सगळ्या धर्मचर्चेत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. 1839 मध्ये त्याने अनेक जातींना इथल्या बोलीतलीच नावे लॅटिन थाटात बहाल केली. महाशीर या मोठ्या माशाचे खुद्री हे नाव त्यातलेच, आणि दगडाला धरून राहणाऱ्या माशांच्या याच गटातली ‘लोनाह’ ही जातही त्याच्याच यादीतली. पुण्याच्या माशाला वेगळी ओळख मिळाली ती 1938 मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यामुळे. होरांनी त्याला स्वतंत्र जात मानले नव्हते. उत्तरेकडच्या एका जातीची ती उपजात आहे, असे त्यांचे मत होते. पुढच्या अभ्यासकांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या जातीची गणना संकटग्रस्तांत होते. डोंगरी ओढ्यांतले जीव प्रवाहात तग कसे धरतात हा होरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांचा आणखी एक व्यासंग होता, तो पुढे येईलच.

या माशाच्या मुलखात, लोणावळा-पुणे लोकलच्या मार्गावर, कामशेत आणि वडगाव यांच्या मध्ये कान्हे हे स्थानक लागते. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे आणि पुढे आंदर मावळात जाणारा रस्ता इंद्रायणी ओलांडतो. दोन्ही अंगांना भातखाचरे आहेत. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने 1987 मध्ये काढलेल्या भाताच्या वाणाला याच नदीचे नाव आहे. आषाढात डोंगरावरून उतरणारे ओढे खाचरांचे बांध फोडतील इतके फुगतात, पौषात त्यांची धार बारीक होते आणि चैत्र-वैशाखात बहुतेक ठिकाणी सुटे सुटे डोह तेवढे उरतात. बारमाही खळाळ फार थोड्या जागी टिकतो. नदीच्या उगमाकडच्या पाण्याची वाटही शतकभरापूर्वी बदलली. वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी टाटांच्या 1915 मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत योजनेसाठी घाटाखाली खोपोलीला उतरते. आंद्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी 1922 पासून भिवपुरीला जाते. जे पाणी पूर्वेकडे भीमेला जायचे त्यातला मोठा वाटा असा पश्चिमेला वळला. त्यात अलीकडच्या काळात रस्ते, प्लॉटिंग, डोंगरउतारांवरचे खोदकाम आणि सांडपाणी यांची भर पडली. गाळ कुठून येतो हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न असा. या माशासाठी कोणी मुद्दाम जाळे टाकत नाही. त्याची पूजा होत नाही, व्रतकथेत तो नाही, आरतीत तो नाही. नदीकाठच्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसतो. तो उद्या नाहीसा झाला तर मावळातल्या एकाही घराच्या ताटात किंवा देवघरात काही कमी पडणार नाही. अशा जीवाला जपण्याचे धर्माच्या दृष्टीने काही कारण आहे का? असल्यास ते कोणत्या तत्त्वावर उभे राहते? अहिंसेवर, तीर्थाच्या पावित्र्यावर, की आणखी कशावर? जपणूक उपयोगासाठी करायची असेल तर उत्तर सोपे आहे आणि ते माशाच्या विरोधात जाते. धर्मविचाराची कसोटी म्हणून हा मासा चांगला, तो त्यामुळेच.

पहिले उत्तर अहिंसेचे. मराठी मनात जीवदयेची जी चित्रे ठसली आहेत ती संतकथांनी घडवलेली आहेत. पारध्यांपुढून धावत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आसरा घेतो आणि स्वामी पारध्यांना परत पाठवतात. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथ तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओततात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. गीतेतल्या समदृष्टीच्या श्लोकातही गाय, हत्ती, कुत्रा अशी समोर उभी असलेली प्राण्यांची नावे येतात. या सगळ्या कथांत जीव एकेकटा आहे, समोर आहे, त्याचे दुःख डोळ्यांना दिसते आहे. करुणा जागी व्हायला ही समोरासमोरची भेट पुरते. दगडाच्या सांदीतल्या माशाची मात्र अशी भेट कधी होत नाही. शिवाय त्याला कोणी मारतही नाही. उतारावर खोदकाम झाले, पावसाने माती खाली आणली, दगडांवर गाळ बसला, अळ्या संपल्या, पकड सुटली आणि पुढच्या पावसाळ्यात तो तिथे नव्हता. मारेकरी शोधू गेल्यास सापडत नाही आणि मारण्याचा हेतूही कुणाचा नसतो.

मात्र एवढ्यावर अहिंसेला अपुरी ठरवून मोकळे होणे घाईचे होईल. जैन विचारात हिंसेची व्याख्या हेतूपाशी थांबत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, प्राण घेतला जाणे हीच हिंसा मानली आहे. मुनी पावलापुढची जमीन निरखून चालतात ते याच कारणाने. जैन घरांत पाणी गाळून घेतात आणि गाळण्यात अडकलेले जीव जिथून पाणी आणले तिथेच परत सोडण्याची रीत सांगितली जाते. या रीतीत एक बारकी समज आहे. जीव वाचवणे पुरेसे नाही, तो त्याच्या पाण्यात परत गेला पाहिजे. बौद्ध भिक्षूंच्या मोजक्या परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या वस्तूंतही, पाण्याचे गाळणे असते आणि जीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरणे विनयात दोषाचे मानले आहे. कान्ह्याच्या पश्चिमेला कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत या मुलखाचा उल्लेख मामाल आहार असा येतो आणि तिथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंदही आहे. त्या डोंगरात राहून इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी पिणाऱ्या भिक्षूंच्या नियमांत पाण्यातला न दिसणारा जीव होता, ही गोष्ट मावळच्या धर्मेतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

प्रमाद हा शब्द इथे उपयोगी पडतो. हेतू नसला तरी जबाबदारी टळत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. तरीही हिशेब एकेका जीवाचाच राहतो. गाळण्यात अडकलेला किडा कोणत्या जातीचा, त्या जातीचे आणखी किती उरले, याची गाळण्याला पर्वा नसते. अहिंसेच्या दृष्टीने खाचरातला अगदी साधा मासा आणि कृष्णेच्या खोऱ्याबाहेर कुठेच न सापडणारा हा मार्जारमीन यांच्या प्राणांचे मोल सारखेच. नीतीच्या अंगाने ही समता उदात्त आहे, पण जातच संपण्याच्या प्रश्नावर ती गप्प बसते.

दुसरे उत्तर तीर्थाचे. नदीच्या एखाद्या डोहावर देवतेची सत्ता मानायची आणि तिथे मासेमारी बंद ठेवायची, ही महाराष्ट्रातली जुनी चाल आहे. महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनीच्या सान्निध्यात महाशीर जपले जातात, वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहात वैतरणेचे मासे भाविकांच्या हातचे खातात. इंद्रायणीवर देहू आणि आळंदीचे डोह याच परंपरेतले. देहूच्या डोहात तुकोबांच्या गाथेच्या वह्या बुडाल्या आणि तरल्या, ही श्रद्धा त्या पाण्याला चिकटलेली आहे आणि तिथल्या महाशीरांना भाविकांनी चणे-फुटाणे घातले ते त्या श्रद्धेपोटीच. पोलीस नाही, वनरक्षक नाही, तरी मोठमोठे मासे माणसाच्या हाताशी निर्धास्त फिरतात. कायद्याला जे क्वचित जमते ते इथे देवाच्या धाकाने होत आले. या परंपरेची टिंगल करणाऱ्यांनी त्या डोहांतले मासे एकदा पाहावेत.

पण तीर्थ जपते ते डोहाला. घाट डोहावर बांधतात, कारण स्नानाला खोल, संथ पाणी लागते. मोठा मासाही तिथेच राहतो आणि दिसतो. दगडाला धरणारा मार्जारमीन राहतो दोन डोहांच्या मधल्या उथळ खळाळात, जिथे कोणी स्नान करत नाही, दिवे सोडत नाही, आणि उन्हाळ्यात जिथले गोटे बांधकामासाठी उचलून नेण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. घाट लांबवला, काठ काँक्रीटने बांधून काढला, पाणी अडवून संथ केले, की यात्रेकरूंची सोय होते आणि खळाळ बुडतो. तीर्थाच्या विकासात तीर्थाचे पाणी पात्रातल्या पाण्याहून वेगळे धरले जाते. आळंदीला नदी फेसाळल्याच्या बातम्या वारकऱ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. नदीचे मातृत्व आणि नदीचे रसायन हे दोन वेगळे विषय असल्यासारखे वागणे शक्य होते, ते पावित्र्य पाण्याच्या अवस्थेवर अवलंबून नाही असे मानल्यामुळेच. गंगा कधी अपवित्र होत नाही, हे वचन भक्ताला दिलासा देते आणि नदीचा घात करते.

डोहातल्या माशावरच्या प्रेमाचे पुढे काय होते, याचा एक धडा लोणावळ्यातच आहे. वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीराची पैदास होते. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात सोडली गेली, काही कावेरीच्या खोऱ्यात गेली. कावेरीत तिथला स्वतःचा, कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि बाहेरून आणून सोडलेल्या दख्खनी महाशीराचा वाढता विस्तार हे त्यामागचे एक मोठे कारण अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हेतू चांगला होता, मासाही दुर्मीळ होता, पाणी मात्र परके होते. पुण्य म्हणून तलावात सोडलेले बाजारचे मासे, डासांसाठी ओढ्यात सोडलेले गप्पी मासे, यांचीही जातकुळी हीच. जीवदानाने एक जीव वाचतो आणि दुसऱ्या जीवाचे घर जाते. गाळण्यातला किडा मूळ पाण्यातच परत सोडायला सांगणारी रीत या बाबतीत आजच्या उत्साहापेक्षा शहाणी होती.

निसर्गात मोठा मासा लहान माशाला खातो, मग माणसानेच एवढे मनाला का लावून घ्यावे, हा आक्षेप जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारताच्या शांतिपर्वात मत्स्यन्याय हे अराजकाचे नाव आहे. दंड धरणारा राजा नसेल तर माणसे माशांसारखी एकमेकांना गिळतील, असा तो विचार. राजनीतीला माशाची उपमा सोयीची होती, पण माशांचे जग तेवढे सरळ नाही. कोल्हापूरच्या पंचगंगेतून कुलकर्णी यांनीच 1952 मध्ये एका लहान मार्जारमीनाची नोंद केली. त्याला खवलचोर हेच नाव मिळाले. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. बळी मरत नाही, खवला पुन्हा उगवतो. याला हिंसा म्हणायचे की भिक्षा, असा प्रश्न एखाद्या शास्त्रार्थात रंगला असता. मुद्दा एवढाच की खाणे आणि खाल्ले जाणे हे ओढ्याच्या व्यवस्थेत मोडते, त्याने ओढा मोडत नाही. मार्जारमीन अळ्या खातो, त्याला पाणसाप खातो, आणि शंभर पावसाळ्यांनंतरही दोघे तिथेच असतात. मत्स्यन्यायाचा दाखला देऊन गाळाचे समर्थन होत नाही.

याच संदर्भात मत्स्यावताराची मूळ कथा पाहण्यासारखी आहे. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुताना त्याच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि रक्षण मागतो. कारण तोच सांगतो: लहान आहोत तोवर आम्हाला धोका फार, मासा माशाला गिळतो. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात. पुढे प्रलयात हाच मासा मनूची नाव ओढतो. या सर्वांत जुन्या कथेत मासा विष्णूचा अवतार नाही, ते नाते पुराणांनी नंतर जोडले. भागवतात मनूच्या जागी राजा सत्यव्रत येतो आणि मासा कृतमाला नदीत भेटतो. कीर्तनकार सहसा प्रलय आणि नाव यांवर रंगतात. कथेचा पहिला भाग त्या मानाने दुर्लक्षित राहिला. रक्षण म्हणजे तिथे नुसते न मारणे नाही, भरवणेही नाही. रक्षण म्हणजे त्या माशाला त्या त्या वेळी लागेल तेवढे आणि लागेल तसे पाणी देणे. हे काम मनूला एकदा करून चालले नाही, तीनदा करावे लागले. धर्मग्रंथांत जीवाच्या अधिवासाचा एवढा नेमका विचार दुसरीकडे शोधून सापडणे कठीण.

तिसरा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि तोच सर्वांत अवघड. जात संपते तेव्हा नेमके काय संपते? न्याय-वैशेषिकांच्या मते जाती, म्हणजे सामान्य, ही नित्य आणि एक असून अनेक व्यक्तींत राहते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हीच व्याख्या घोकली. गायी जन्मतात आणि मरतात, गोत्व राहते. प्रलयात एकही गाय नसली तरी गोत्वाचा नाश होत नाही. हा विचार माशाला लावला तर इंद्रायणीतला शेवटचा मार्जारमीन मेल्यावरही त्याची जाती अबाधित राहील आणि शोक करण्यासारखे काहीच उरणार नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांनी दुसरे टोक गाठले. जाती असे काही जगात नाहीच, ‘हे ते नव्हे’ अशा वगळण्यातून मनाने केलेली ती कल्पना आहे. मग संपण्याजोगे मुळात काही नव्हतेच. अद्वैत्याला तर सगळा नामरूपाचाच पसारा. तिन्ही दर्शने एकमेकांशी शतकानुशतके भांडली, पण जात नष्ट होणे ही घटना तिघांपैकी कोणाच्याही चौकटीत बसत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जीवजाती नाहीशा होतात ही गोष्ट युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीस, जीवाश्मशास्त्रज्ञ क्यूव्हियेने हत्तींच्या जीवाश्मांवरून दाखवल्यावर पटली.

विसाव्या शतकात या कोड्याला वेगळी वाट मिळाली. मायकेल गिसेलिन याने 1974 मध्ये आणि त्यानंतर डेव्हिड हल याने असे मांडले की जीवशास्त्रातली जात हा गुणांचा वर्ग नाही. ती काळात जन्मलेली, वाढलेली आणि एक दिवस मरणारी अशी एकच गोष्ट आहे, आणि एकेक प्राणी तिचे उदाहरण नसून तिचा अंश आहे. सोने विश्वात कुठेही सापडले तरी ते सोनेच. हुबेहूब असा मासा दुसऱ्या खंडात उगवला तरी तो पुण्याचा मार्जारमीन ठरणार नाही, कारण त्याची पूर्वजांची साखळी वेगळी असेल. हे मत मान्य केले की जात संपणे हा मृत्यू ठरतो, आणि तोही परत न येणारा.

अर्थात साखळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे शास्त्रालाही एकदम कळत नाही. अमेरिकेत टेनेसीच्या टेलिको धरणाचे काम तीन इंचांच्या एका माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये थांबवले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने खास सवलत देऊन धरण पूर्ण करवले. मासा दुसऱ्या प्रवाहांतही सापडला आणि 2022 मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला. 2025 मध्ये संशोधकांनी सांगितले की ती वेगळी जात नव्हतीच, आधीच माहीत असलेल्या जातीचा तो एक समूह होता. धरणवाल्यांना हसायला निमित्त मिळाले. परंतु पुण्याच्या मार्जारमीनाचा प्रवास नेमका उलट झाला. आधी उपजात, मग जात. रक्षणाची जबाबदारी वर्गीकरणाच्या अंतिम निकालावर टांगून ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. शास्त्राचे निकाल बदलतात. बुजलेला खळाळ मात्र पुन्हा होत नाही.

साखळी म्हणून जातीकडे पाहिले की भारतीय परंपरेत तिला जागा सापडते, फक्त ती तर्कशास्त्रात सापडत नाही. ती वंशाच्या विचारात आहे. कुळ बुडणे, तर्पण करायला मागे कोणी न उरणे, ही आपत्ती धर्मशास्त्राने एका माणसाच्या मरणापेक्षा मोठी मानली. कुलक्षयाची भीती अर्जुनाच्या विषादात आहे आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात ती माणसांपलीकडे जाते. सर्पसत्र थांबवणारा आस्तीक एका सापासाठी यज्ञमंडपात आलेला नव्हता. नागांचा वंश बुडू नये एवढ्यासाठी तो आला. मेलेल्या सापांबद्दल त्याने भरपाई मागितली नाही, उरलेल्यांचे जगणे मागितले. दंश करणाऱ्या, कुणाला नको असलेल्या जीवांच्या वंशासाठी राजाचे यज्ञकर्म मध्येच थांबवण्यात महाभारताला अधर्म दिसला नाही. इंद्रायणीतल्या माशाच्या बाजूने परंपरेतला सर्वांत बळकट दाखला हाच. अहिंसा आणि तीर्थ यांच्याआधी तो पुढे करायला हवा.

धर्माने काळाचेही नियम घालून दिले आहेत. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, त्यात श्रावणात मासे-मटण वर्ज्य. माशांच्या विणीच्या काळात मासेमारी होऊ नये म्हणून पूर्वजांनी ही योजना केली, असे हल्ली ठासून सांगितले जाते. समुद्रापुरते त्यात तथ्य आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यालाच असत आणि सरकारी बंदीही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते. ओढ्यांचे वेळापत्रक मात्र निराळे आहे. पहिल्या मोठ्या पावसात मासे उलट प्रवाहात खाचरांकडे चढतात. त्या चढणीच्या माशांवर मावळात आणि घाटाखाली उड्या पडतात, बांधाच्या तोंडाला सापळे लागतात. अंड्यांनी पोट भरलेले मासे तेव्हाच सर्वाधिक पकडले जातात आणि ते दिवस असतात ज्येष्ठ-आषाढाचे, श्रावणाच्या आधीचे. आषाढी अमावास्येची गटारी तर वर्ज्य सुरू होण्यापूर्वीची शेवटची पंगत. व्रताचा हेतू संयमाचा होता आणि तो तसाच मानावा. त्यावर मत्स्यशास्त्र लादल्याने व्रताचीही शोभा होत नाही आणि माशांचाही फायदा होत नाही.

काळाचा नियम जाणीवपूर्वक माशांसाठीच केल्याचा पुरावा हवा असेल तर तो अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मिळतो. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी काढलेल्या या आज्ञेत अवध्य प्राण्यांची यादी आहे, तीत माशांचीही नावे आहेत. ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारायला आणि विकायलाही मनाई आहे. यादीच्या अखेरीस जे चतुष्पाद ना उपयोगाचे ना खाण्याचे, त्यांनाही अभय दिले आहे. निरुपयोगी असणे हेच इथे संरक्षणाचे कारण झाले. त्याच आज्ञेत जीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी रान पेटवू नये, असेही सांगितले आहे. जीवावरून त्याच्या राहत्या जागेवर आज्ञा तिथे सहज सरकते. या लेखातल्या मत्स्यविषयक नियमांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध करणारे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होराच होते. अर्थशास्त्रातले माशांचे उल्लेख आणि चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासातले गळ टाकण्याचे प्रकरणही त्यांनी अभ्यासले. पुण्याच्या माशाच्या छातीवरच्या घड्या तपासणारा माणूस अशोकाचा स्तंभलेखही त्याच बारकाईने वाचत होता.

आधुनिक कायद्यानेही धर्माची भाषा वापरून पाहिली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 20 मार्च 2017 रोजी गंगा आणि यमुना यांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरवले. हिंदू देवतेच्या मूर्तीला कायद्यात व्यक्ती मानतात, तोच आधार त्यात घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत या निकालाला स्थगिती दिली. नदी व्यक्ती झाली तर तिच्या पुरात बुडालेल्याची भरपाई कोणी द्यायची, असे व्यावहारिक पेच त्यातून उभे राहिले होते. नदीला देवी किंवा व्यक्ती ठरवण्यात आणखी एक उणीव आहे. व्यक्तीचे रक्षण म्हणजे तिच्या नावाचे, घाटाचे, आरतीचे रक्षण असे समजणे सोपे असते. खळाळातला दगड त्या नावाच्या बाहेर राहतो.

जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. याच कायद्यात एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करण्याची सोय आहे आणि ती लहान माशासाठी वापरली गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे देवस्थान आहे. तिथल्या पाण्यातून 2020 मध्ये एका इवल्याशा माशाची नवी जात नोंदली गेली आणि नदीच्या नावावरून तिला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले. 2021 मध्ये राज्य सरकारने तिथली 2.11 हेक्टर जागा वारसास्थळ म्हणून जाहीर केली. देवस्थान आणि मासा यांची सीमा तिथे एकच निघाली, ते त्या माशाचे नशीब. मावळात तसे होणार नाही, कारण इथला मासा देवळाच्या डोहात राहत नाही. कान्हे, टाकवे, कामशेत या भागातल्या ग्रामपंचायतींना आपापल्या नोंदवहीत ओढ्याचा कोणता तुकडा उन्हाळ्यातही वाहता राहतो, तिथले दगड कोण उचलते आणि वरच्या उतारावर कुठे खोदकाम चालू आहे, एवढे तरी लिहून ठेवता येईल. त्याला ना निधी लागतो ना मुहूर्त.